नवा हुकूम येईपर्यंत

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लहान मुलाने गिरवल्यासारखे वेडेवाकडे आहे, पण ते माझे आहे. याआधी बावीस वर्षे ज्या अक्षरात लिहिले, ते माझे नव्हते. ते राजाचे होते.

माझे नाव आन्सेल्म कूर्तो. व्हर्सायच्या राजवाड्यात, मंत्र्यांच्या दफ्तरात, माझ्याकडे लेखणीचा मान होता. राजाला रोज दोन-दोनशे कागदांवर सह्या करायला वेळ कुठला? शिकार असते, प्रार्थना असते, त्याचे सकाळचे उठणेसुद्धा शंभर माणसांसमोर व्हावे लागते. म्हणून दफ्तरात एक माणूस असा नेमतात की त्याने राजाच्या अक्षराची इतकी हुबेहूब नक्कल करावी, की खुद्द राजाला फरक कळू नये. हीच गोष्ट दुसऱ्या कुणी केली तर त्याचा आधी हात तोडतात आणि मग मान. आम्ही केली की तो मान.

माझ्याआधी हे काम गियोने मास्तरांकडे होते. म्हातारा उजव्या हातात कायम मोजा घालून असायचा, तो हात मांडीवर दाबून धरायचा आणि सूप डाव्या हाताने प्यायचा. मला वाटायचे, संधिवात असेल. काम सोपवताना त्याने मला बाजूला घेतले आणि म्हणाला, "आन्सेल्म, एक ऐक. घरी जाऊन रोज दहा ओळी स्वतःच्या अक्षरात लिहीत जा. काहीही लिही, बाजाराची यादी लिही. मी आळस केला."

मीही आळसच केला. म्हातारी माणसे बोलतच असतात, आणि दिवसभर राजाच्या अक्षरात लिहून घरी आल्यावर कुणाला दहा ओळी सुचतात? पाचेक वर्षांनी गावी आईला पत्र धाडले, तर ते वाचून दाखवायला घेतलेले पाद्रीबाबा अक्षर बघून ताडकन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. एकदा एका खलित्याखाली त्यांनी ते अक्षर पाहिले होते. त्यांना वाटले, राजानेच आमच्या आईला कांद्यांचे पीक कसे आहे म्हणून विचारले आहे. गावभर हसे झाले. मीही हसलो. त्या संध्याकाळी माझ्या अक्षरात माझे नाव लिहून बघावे म्हणून बसलो, ते काही जमले नाही. मी दिवा मालवून झोपलो.

आमच्या दफ्तरातली सगळ्यात छोटी कागदपत्रे म्हणजे मोहोरबंद पत्रे. चार ओळींचा मामला असतो. 'अमक्याला आपल्या किल्ल्यात ठेवून घ्यावे, आणि माझा नवा हुकूम येईपर्यंत सोडू नये. देव आपले रक्षण करो.' खाली सही, घडी, लाखेची मोहोर. चौकशी नाही, न्यायाधीश नाही, कारण नाही. यातली पुष्कळ पत्रे मी नावाची जागा कोरी ठेवून लिहायचो. ती मंत्र्यांच्या खणात जायची आणि तिथून कुणाकुणाच्या खिशात. कुणा सरदाराला उधळा मुलगा नकोसा झालेला असतो, कुणा नवऱ्याला बायको, कुणाला शेजारी. ज्याला हवे त्याने आपल्या घरी बसून नाव भरावे. मी त्यातले एकही नाव कधी पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर पाहावेसे वाटलेही नाही. मला फक्त सहीतला शेवटचा फराटा नीट यायला हवा असायचा.

माझा धाकटा भाऊ रेमी सुतार होता. मीच त्याला गावाहून आणून राजवाड्याच्या खिडक्यांच्या कामाला लावले होते. तेवीस वर्षांचा, तोंडाचा फटकळ, हाताचा सोन्यासारखा. एक दिवस तो जेवायला आला नाही. कामाच्या जागी त्याची हत्यारांची पिशवी पडली होती, त्यात अर्धा पाव होता. कुणी म्हणाले फौजेत भरती झाला असेल, कुणी म्हणाले जहाजावर बसून बेटांकडे पळाला. गावी आई रोज त्याचे ताट वाढून ठेवायची. चौथ्या वर्षी ती गेली, तेव्हाही टेबलावर ते ताट होते.

रेमी नाहीसा झाल्याच्या अकराव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, राजाचा पाय काळा पडू लागला आणि दफ्तरात आवराआवर सुरू झाली. किल्ल्याकिल्ल्यांवरून कैद्यांच्या याद्या मागवल्या गेल्या. समुद्रातल्या रोशन्वार किल्ल्याची यादी माझ्यापुढे आली. सातव्या ओळीत लिहिले होते, 'रेमी कूर्तो, सुतार. अकरा वर्षे. कारण: राजाला ठाऊक.' यादीला मूळ हुकूम टाचलेला होता. नाव दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होते, घाईत भरलेले. बाकी चारही ओळी माझ्या होत्या. फराटा फार सुरेख आला होता.

त्या दिवशी मी काय केले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य कारकून तावेर्नो साहेबांकडे गेलो. हा माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर त्याला काही दिसत नसे, एवढेच. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारले, याचा गुन्हा काय.

"लिहिलंय की," ते म्हणाले. "राजाला ठाऊक."

"राजाला ठाऊक नाही साहेब. हा कागद कोरा होता. नाव कुणी भरलं हे मंत्र्यांनासुद्धा आठवायचं नाही."

"कूर्तो, राजाला देवानं नेमलंय. त्याला ठाऊक नाही असं काही नसतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "सोडायचं तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं. ते आता पाणीसुद्धा मागत नाहीत."

"आणि ते गेल्यावर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या राजाच्या वेळचे दोन कैदी अजून एका किल्ल्यात आहेत, म्हणाले. दोघेही नव्वदीच्या घरात. हुकुमात 'माझा नवा हुकूम' असे लिहिले आहे. ज्याने 'माझा' म्हटले तो तर थडग्यात आहे. त्यांना सोडा असे कुणी म्हणत नाही, कारण म्हणायचा अधिकार कुणाचा हेच ठरत नाही.

म्हणजे राजाचा श्वास चालू होता तेवढाच वेळ रेमीच्या हातात होता. नंतर तो एका मेलेल्या माणसाचा कैदी होणार होता, आणि मेलेला माणूस मर्जी बदलत नाही.

मी ठरवले, सुटकेचा हुकूम आपणच लिहायचा. सापडलो तर हात आणि मान दोन्ही जाणार हे ठाऊक होते. पण ज्या हाताने आत टाकले त्यानेच बाहेर काढावे, यात मला न्याय वाटला. न्यायाचे खूळ डोक्यात शिरले की माणूस सारासार विसरतो.

हाताची लक्षणे मात्र त्याआधीच बिघडली होती. आमच्या जिन्याशेजारून रोज राजाचे जेवण जायचे. पुढे चोपदार ओरडायचा, "राजाचं जेवण," की आम्ही सगळ्यांनी टोप्या काढून त्या झाकलेल्या ताटांना लवून नमस्कार करायचा. राजा आजारी पडल्यापासून माझा उजवा हात टोपीकडे जाईना. मी मनात म्हणायचो, उचल, आणि तो बाजूला लोंबत राहायचा. चोपदाराने दोनदा डोळे वटारले. मी डाव्या हाताने टोपी काढून वेळ मारून नेली. शेजारचा कारकून थट्टेने म्हणाला, "बरोबर आहे, स्वतःच्या जेवणाला कोण नमस्कार करतो?" सगळे हसले.

राजासाठी प्रार्थना म्हणून सगळे भर दुपारी देवळात गेले, तेव्हा मी एकटा दफ्तरात राहिलो. खिडकीतून ऊन टेबलावर पडले होते. मी कोरा कागद घेतला आणि लिहू लागलो: 'रोशन्वारच्या किल्लेदारास, रेमी कूर्तो याला'. इथवर ठीक. पुढे 'सोडून द्यावे' लिहायचे होते. हाताने लिहिले, 'ठेवून घ्यावे.'

मला वाटले, सवय. बावीस वर्षांची सवय आहे, चुकणारच. दुसरा कागद घेतला, एकेक अक्षर पुटपुटत लिहिले. 'ठेवून घ्यावे.' तिसऱ्या वेळी मी डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले. ते तळघरातल्या दगडासारखे गार होते. मी ओढत होतो आणि ते न थरथरता, सावकाश, पूर्ण ओळ लिहीत गेले: 'ठेवून घ्यावे, कारण माझी तशी मर्जी आहे.' खाली सही झाली. सही मात्र कापरी होती, आजारी माणसाची. मी तशी सही कधीच शिकलो नव्हतो.

तिन्ही कागद मी चुलीत घातले. मी रडलो. रेमीसाठी रडलो आणि भीतीनेही रडलो.

एक सप्टेंबरला सकाळी सव्वाआठला राजा गेला. आम्ही खाली संगमरवरी चौकात उभे होतो. टोपीत काळे पीस खोवलेला अधिकारी सज्जात आला आणि म्हणाला, राजा वारला. आत गेला, पांढरे पीस खोवून परत आला आणि म्हणाला, राजा चिरायू होवो. मध्ये एवढाही वेळ गेला नाही की कुणी नाक शिंकरावे. राजा मरत नाही तो असा. चौकातल्या घड्याळाला एकच काटा आहे आणि आत यंत्र नाही. त्याचा काटा कुणीतरी शिडी लावून सव्वाआठवर नेऊन ठेवला. आता पुढचा राजा मरेपर्यंत तो तिथेच राहणार. त्याच वेळी माझी बोटे लेखणी धरल्यासारखी आखडली ती उघडेनात.

नवा राजा पाच वर्षांचा होता. तावेर्नो साहेब धापा टाकत आले. सगळ्या किल्लेदारांना आजच पत्रे जायला हवी होती, की तुम्ही आपापल्या जागी राहा, काही बदललेले नाही.

"पण नव्या राजाला अक्षरच नाही," ते म्हणाले. "अजून नाक पुसता येत नाही त्यांना. तुम्ही द्या काहीतरी अक्षर. पुढे ते शिकतील तेव्हा तेच शिकतील."

ज्याला अक्षर नाही, त्याचे अक्षर मी लिहीन ते. मी म्हणालो, लहान मुलाचा हात आहे, तेव्हा अक्षर जरा वाकडेच हवे. साहेबांनी मान डोलावली. मी लेखणी डाव्या हातात घेतली.

दिवसभर लिहीत होतो. साठ किल्लेदार, साठ पत्रे. एकसष्टावे रोशन्वारसाठी वेगळे लिहिले: 'रेमी कूर्तो याला पत्र मिळताच सोडून द्यावे.' डाव्या हाताने मुकाट्याने लिहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी जे म्हणालो ते कागदावर उमटले. ते गठ्ठ्याच्या मधोमध सारले, पाव आणि कांद्याचे सूप घेतले आणि टेबलावर डोके टेकले. जरासा डोळा लागला असेल.

जागा झालो तेव्हा लेखणी उजव्या हातात होती. टोकाला शाई ओली होती.

मी टेबल पाहिले, जमीन पाहिली, कुठे कागद दिसला नाही. तेवढ्यात साहेब गठ्ठा उचलून न्यायला आले. एकेका पत्राखाली ते आपली साक्षीची सही ठोकत होते, न वाचता. पत्रे नेणारे जासूद खाली घोड्यावर खोळंबले होते. शेवटी म्हणाले, "बासष्ट." मी एकसष्ट लिहिली होती. मला तोंड उघडता आले असते. पण गठ्ठा पुन्हा सोडला असता तर रेमीचे पत्र हाती लागले असते. मी म्हणालो, "हो, बासष्ट."

सतरा दिवसांनी रेमी आला. मी शहरात एका बेकरीच्या वर राहतो, म्हणजे राहत होतो. दुपारची वेळ होती. दार उघडले तर समोर एक पांढऱ्या केसांचा माणूस. चौतीस वर्षांचा. मी त्याला ओळखले ते त्याच्या हातांवरून.

आम्ही किती वेळ एकमेकांना धरून उभे होतो कोण जाणे. मग तो खोलीत चालू लागला. सहा पावले गेला आणि वळला, सहा पावले आणि वळला. भिंत अजून चार पावलांवर होती, तरी वळला.

"आई?" त्याने विचारले. मी मान हलवली. तो परत सहा पावले गेला.

"कशासाठी धरलं ते कळलं का रे?" मी विचारले.

"अकरा वर्षं तोच विचार करतोय, दादा. एकदा एका बड्या साहेबाच्या कुत्र्याला लाथ मारली होती. त्याच्यापलीकडं काही आठवत नाही." मग हसला. "तुझा तिथं वशिला आहे ना? एवढा वेळ का लागला?"

मी त्याला सांगायला हवे होते. तो हसत होता, मला सांगवेना.

"एकटाच आलास?"

"छे, गाडीतून आणलं. हवालदार आहे, दोन शिपाई आहेत. इकडंच काम आहे म्हणाले, बस म्हणाले. चांगली माणसं आहेत रे. वाटेत सफरचंदाची दारू पाजली."

ती चांगली माणसे जिन्यात उभी होती. हवालदार वयस्क होता. त्याने अदबीने टोपी काढली आणि एक पत्र पुढे केले. नाव वाचायच्या आधी मी अक्षर ओळखले. 'आन्सेल्म कूर्तो याला आपल्या किल्ल्यात ठेवून घ्यावे, आणि माझा नवा हुकूम येईपर्यंत सोडू नये.' सही कापरी नव्हती. ठणठणीत माणसाची होती. तारीख एक सप्टेंबर, दुपार.

हवालदार म्हणाला, किल्लेदारांना थोडी शंका आहे. एकाच आडनावाची दोन पत्रे, एका पिशवीतून, दोन अक्षरांत. एकाला सोडा म्हणतात, दुसऱ्याला आणा म्हणतात. म्हणून दोन्ही पत्रे दफ्तरात दाखवून खात्री करून घ्या, असे त्यांनी सांगितले आहे.

आम्ही सगळे तावेर्नो साहेबांकडे गेलो. रेमी माझ्या मागे उभा राहिला. त्याला अजून काही उमगले नव्हते. साहेबांनी दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीखाली त्यांची साक्षीची सही होती. त्यांचे बोट तारखेवर जाऊन थांबले. सकाळी सव्वाआठला गेलेल्या माणसाने दुपारी लिहिलेला हुकूम, आणि खाली आपली सही. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"कूर्तो," ते म्हणाले, "हे अक्षर तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. तुम्हीच सांगा. हे राजाचंच आहे का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाही म्हटले तर विचारतील, मग कुणाचे? ही दोन्ही अक्षरे लिहिणारा माणूस एकच आहे. एक पत्र खोटे ठरले की शेजारचेही खोटे ठरणार. साहेबांची नोकरी जाईल, माझी मान जाईल, ते एक वेळ चालले असते. पण हवालदार रेमीला त्याच गाडीत घालून परत नेईल, आणि या वेळी त्याच्या सुटकेचा हुकूम लिहायला जगात कुणीही उरलेले नसेल. मागे जमीन वाजत होती. सहा पावले आणि वळण.

"राजाचंच आहे," मी म्हणालो.

"आणि हे दुसरं?"

"तेही राजाचंच."

साहेबांनी श्वास सोडला. "राजा मरत नाही," ते म्हणाले आणि दोन्ही पत्रांची घडी घातली.

आता मी रोशन्वारला आहे, रेमीच्याच खोलीत. दगडी जमिनीवर सहा पावलांची वाट झिजलेली आहे. वाटेत गाडीत मी रेमीला सगळे सांगितले. तो हट्टाने बरोबर आला होता. संध्याकाळी त्याने आपली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "तू नाव बघितलं नव्हतंस ना." एवढेच. त्याने समोरच्या कोळीवाड्यात होड्या दुरुस्त करायचे काम धरले आहे. ओहोटीला चालत येतो, पाव आणतो.

किल्लेदार सज्जन आहे. मी दफ्तरातला जुना कारकून म्हणून तो मला नकलांचे कागद देतो, ते त्याच्या पिशवीतून व्हर्सायला जातात. मी डाव्या हाताने लिहितो आणि झोपताना उजवा हात पट्ट्याने पलंगाला बांधतो. परवा सकाळी पट्टा सुटलेला होता. नकलांच्या गठ्ठ्यात, मधोमध, एक चार ओळींचे पत्र होते, त्या जुन्या अक्षरात. नावाच्या जागी लिहिले होते, 'रेमी'. आडनाव अजून लिहायचे होते. ते मी मेणबत्तीवर जाळले. तेवढ्या वेळात बोटे हवेत आडनाव पुरे करत होती.

काल रेमी आला तेव्हा मी त्याला म्हणालो, उद्या येताना पाव नको, करवत आण.

तो जुना कारागीर. त्याने विचारले, "बारीक दात्यांची की जाड? लाकूड कुठलं आहे?"

मी पट्टा सोडला आणि हात त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. त्याने कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहिले. मग माझ्या मनगटाभोवती बोटांचे कडे करून जाडी मापली, फळी मापतात तशी.

"बारीक आणतो," तो म्हणाला.